मांडवात एक वहीही ठेवा

महोदय,

गणेशोत्सव जवळ आला की इंदूरच्या आपल्या मराठी मंडळांत रक्तदान शिबिरांचे फलक लागतात. एका रविवारी ढीगभर बाटल्या, प्रमाणपत्र, वर पोहे-जिलबी. चांगलेच आहे, लाल पेशी महिनाभर टिकतात, ते रक्त कामी येते. पण डेंग्यूही याच दिवसांत येतो, आणि त्यात कमी होणाऱ्या प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) टिकतात जेमतेम 5 दिवस, त्याही 20 ते 24 अंशांत, सतत हलत्या ठेवल्या तर. या रविवारच्या प्लेटलेट्स पुढच्या रविवारी टाकूनच द्याव्या लागतात.

गेल्या वर्षी माझा भाचा डेंग्यूने आडवा झाला. प्लेटलेट्स 8 हजारांवर उतरलेल्या, हिरड्यांतून रक्त. रात्री अकराला निरोप आला, ‘एसडीपी’साठी, म्हणजे एकाच दात्याकडून यंत्राने काढायच्या प्लेटलेट्ससाठी, दाता आणा. त्याचे वडील पुढे झाले, तर त्यांनी सकाळीच डोकेदुखीवर अ‍ॅस्पिरिन घेतलेली. शेजारच्या मुलाची शीर बारीक निघाली. तिसरा मी.

तास-दीड तास यंत्राला जोडलेला होतो. रक्त यंत्रात जाते, तिथे गरगर फिरून प्लेटलेट्स वेगळ्या निघतात, बाकीचे परत आपल्याच अंगात. मध्येच ओठांना मुंग्या आल्या. रक्त गोठू नये म्हणून घालतात त्या सायट्रेटने होते तसे. नर्सबाईंनी कॅल्शियमची गोळी चघळायला दिली, थांबले. शेवटी पिशवी दाखवली. फिकट पिवळी, वरणाच्या निवळीसारखी! एवढीशी पिशवी साध्या रक्तदानातून निघणाऱ्या पाच-सहा पिशव्यांचे काम करते, म्हणजे रुग्णाला पाच-सहा जणांचे न घेता एकाचेच घ्यावे लागते. ब्लड कॅन्सरच्या ज्या मुलांना पुन्हापुन्हा प्लेटलेट्स लागतात, त्यांच्या आईवडिलांना याची किंमत विचारा.

(आकडा 50 हजारांपर्यंत उतरला की घाबरून प्लेटलेट्स मागणारेही आपणच. रक्तस्राव नसेल तर डेंग्यूत सहसा 10 हजारांच्या खाली गेल्याशिवाय त्या देत नाहीत.)

तेव्हा मंडळांना विनंती, यंदा मांडवात एक वहीही ठेवा. नाव, रक्तगट, वजन, फोन. सगळ्यांना एका दिवशी झोपवायचे नाही. ज्या रात्री लागेल त्या रात्री एकाला बोलवायचे. 48 तासांनी तोच माणूस पुन्हा देऊ शकतो, साध्या रक्तदानासारखे तीन महिने थांबायला नको.

पहिली ओळ माझी लिहा: बी पॉझिटिव्ह, 68 किलो, रात्री अकरानंतरही फोन चालेल.

आपला,
एक वाचक
रामबाग, इंदूर