गौरीजेवणाच्या रात्रीनंतर

कोरेगाव,
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

काल रात्री मंडळांचे गणपती गेले. पहाटेपर्यंत ढोल चालू होते. आज गल्लीत एकदम शांतता आहे. आपली आरास अजून काढलेली नाही, तू लावलेली दिव्यांची माळ तेवढी बंद केली. तू गेल्यापासून फोनवर "ठीक आहे, आप्पा" एवढंच म्हणतेस आणि आईकडे द्या म्हणतेस. म्हणून पत्र लिहायला घेतलं. झोपतेस का, किती वाजता झोपतेस, हे या पत्रात विचारायचं नाही असं ठरवून बसलो आहे.

त्या रात्री तुझा फोन वाजला तेव्हा मी जागाच होतो. पावणेतीन वाजले होते. आवाज कसला तो, सायरनच. आईला वाटलं शेजारी कुठे आग लागली. तू उठून स्वयंपाकघरात गेलीस, पिठाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवलास, कारण नेट तिथंच खिडकीपाशी मिळतं. गौरीपुढची समई अजून तेवत होती. मी दारात उभा होतो, तुला दिसलो नाही. तुझी बोटं भराभर चालत होती आणि एकदम थांबली. तू हाताने तोंड दाबून धरलंस. किती वेळ तशीच बसली होतीस कोण जाणे. मग स्वतःशीच म्हणालीस, "चुकीच्या सर्व्हरवर केलं."

नंतर तूच सांगितलंस म्हणून कळलं. दोन काळ्या खिडक्या उघड्या होत्या, दिसायला सारख्याच. एकीत चाचणीचा डेटाबेस, दुसरीत खरा. पुसायचा होता चाचणीचा, पुसला गेला खरा. बॅकअप होता म्हणून सातपर्यंत बहुतेक सगळं परत आलं. पण नऊच्या मीटिंगमध्ये तो माणूस सगळ्यांदेखत तुझं नाव घेऊन बोलत होता, ते मी पलीकडच्या खोलीतून ऐकलं. आणि चहाला बसल्यावर मी काय बोललो? "इतकी शिकलीस, आणि एवढी साधी गोष्ट बघितली नाहीस?"

तू काही बोलली नाहीस. बॅग घेतलीस आणि निघालीस. दुपारी गौरी-गणपती पाण्यात जायचे होते, त्याच्याही आधी. आईने गौरीला दहीभाताची शिदोरी बांधली तेव्हा ती रडली. म्हणाली, गौरीला शिदोरी दिली आणि लेक उपाशी गेली. ते बोलणं मला होतं, हे मला कळलं.

सई, माझं चुकलं. ते वाक्य मी बोलायला नको होतं. का नको होतं, ते आज लिहितो. आईला माहीत आहे, तुला आणि दादाला कधी सांगितलं नाही.

बापूमामा तुला आठवतात. दर श्रावणात पेरू घेऊन यायचे, तुला खांद्यावर घेऊन यात्रेत फिरवायचे. त्यांचा डावा हात कोपरात सरळ होत नसे. तू लहानपणी विचारलंस की ते "झाडावरून पडलो" म्हणायचे. ते झाडावरून पडले नव्हते. विजेच्या खांबावरून पडले, आणि माझ्यामुळे पडले.

१९९८ चा मे महिना. तू सव्वा वर्षाची होतीस. मी तेव्हा तालुक्यातल्या विजेच्या एका ३३/११ केव्हीच्या उपकेंद्रात ऑपरेटर होतो, बापू लाइनमन. माझी पाळी चार ते बारा. बाराला येणारा रिलिव्हर आला नाही, म्हणून मीच पुढे थांबलो. त्याच्या आदल्या दिवशीही तसंच झालं होतं. वळीव झोडपत होता. शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतांकडे वीज नेणाऱ्या लाइनवर, तार तुटली. लाइन बंद केली आहे असं परमिट घेऊन बापू लाइनवर गेले. नियमाने ब्रेकर पाडायचा, म्हणजे लाइनची वीज बंद करायची, आणि लाइन डोळ्यांदेखत तोडणारा एबी स्विचही उघडायचा. पण तो स्विच जाम होता, त्याची तक्रार दोन महिने नुसती वहीत पडून होती. मी ब्रेकर पाडला आणि तेवढ्यावर परमिट दिलं. पॅनेलवर लटकवायचा लाल फलक आमच्याकडे एकच होता, तो कुणीतरी दुसऱ्या उपकेंद्रात नेलेला.

अडीचच्या सुमाराला गावठाणचा फीडर ट्रिप झाला, आपोआप बंद पडला. दवाखान्यातून फोन, पाणीपुरवठ्यातून फोन. मी उठलो, पॅनेलपाशी गेलो आणि हँडल फिरवलं. शेजारीशेजारी दोन पॅनेल, रंग एक, हँडल एक, अक्षरं पुसट. मी शेतीचा ब्रेकर चालू केला.

बापूंनी तार जमिनीशी जोडणारा अर्थिंगचा रॉड लावलेला होता. म्हणून लाइन जिवंत होता होताच पुन्हा ट्रिप झाली आणि माणूस वाचला. पण रॉडपाशी बार फुटावा तसा जाळ झाला, त्यांचा पाय सुटला आणि ते खाली नांगरटीत पडले. कोपर गेलं. ढेकळं भिजून मऊ झाली होती म्हणून तेवढ्यावर निभावलं.

चौकशीला आलेल्या साहेबांनी मला विचारलं होतं, "इतक्या वर्षांची नोकरी, आणि एवढी साधी गोष्ट बघितली नाही?" अहवालात एकच ओळ आली: ऑपरेटरचा हलगर्जीपणा. सोळा तासांच्या पाळीचं त्यात नव्हतं, जाम स्विचचं नव्हतं, फलकाचं नव्हतं. माझी एक वेतनवाढ रोखली. त्याचं मला काही वाटलं नाही, बापूंच्या हाताकडे बघून तेही कमीच वाटायचं. पण पुढची तीन-चार वर्षं मला रात्रपाळी नसली तरी अडीचला जाग यायची. उठून मी तुझ्या पाळण्याला, पुढे अंथरुणाला, हात लावून बघायचो. आईने कधी विचारलं नाही.

म्हणून तुला विचारतो गं. त्या रात्रीनंतर तुला झोप लागते का?

नाही विचारायचं ठरवलं होतं. राहू दे.

परवा शेजारचा आदित्य आला होता. त्याला मी तुझं नाव न घेता विचारलं, असं दुसऱ्या कुणाचं कधी झालं आहे का. तो म्हणाला, काका, सगळ्या जगाला माहीत असलेली गोष्ट आहे, आणि मोबाइलवर काढून मराठीत सांगत गेला. गिटलॅब कंपनी, २०१७, ३१ जानेवारीची रात्र. तुला हे नक्कीच ठाऊक असेल. पण मी पहिल्यांदा ऐकलं आणि रात्रभर तेच डोक्यात होतं. त्यांचा एक इंजिनिअर उशिरापर्यंत डेटाबेसची अडचण निस्तरत बसलेला. दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसायचा होता, त्याने मुख्य सर्व्हरवर पुसला. लक्षात येऊन थांबवलं तोवर ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. डेटा राखायच्या पाच तऱ्हा त्यांच्याकडे होत्या, त्यातली एकही वेळेला धड कामाला आली नाही. सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत तेवढी होती, तिच्यावर सगळं उभं केलं.

मला जे धरून बसलं ते याच्या पुढचं आहे. त्यांनी त्या माणसाला पुढे उभं केलं नाही. सगळी दुरुस्ती यूट्यूबवर लोकांना उघड दाखवली. काय चुकलं, बॅकअप का चालत नव्हते, ते कुणाच्या लक्षात का आलं नाही, सगळं लिहून काढलं. आणि करायच्या कामांच्या यादीत एक अगदी साधी गोष्ट होती: आपण कुठल्या सर्व्हरवर आहोत ते पडद्यावर रंगाने कळावं. खऱ्याला लाल, चाचणीच्याला पिवळा.

आदित्यने हे वाचलं आणि मी उठून मोरीत जाऊन तोंड धुऊन आलो. बापूंच्या अपघातानंतर मी काय केलं होतं माहीत आहे? ट्रकच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडे जाऊन स्वतःच्या पैशाने दोन पत्रे रंगवून घेतले होते. लाल जमीन, पांढरी अक्षरं, "थांबा. लाइनवर माणसं आहेत." वर भोक पाडून तारेचा आकडा लावला, हँडलमध्ये अडकवायला. आणि गावठाणच्या पॅनेलला पिवळा पट्टा ओढला. मी निवृत्त होईपर्यंत ते फलक त्या भिंतीवर होते. तेव्हा साहेबांपैकी कुणी काही म्हणालं नाही. इतक्या वर्षांनी सातासमुद्रापलीकडच्या पोरांनी तेच केलेलं ऐकलं.

तेव्हा पहिलं काम हे कर. तुझ्या त्या दोन खिडक्यांना दोन रंग दे. आणि पुसायचा हुकूम रात्री एकटीने द्यायचा नाही. दुसऱ्याला फोनवर घ्यायचं, त्याला सर्व्हरचं नाव मोठ्याने वाचायला लावायचं, मग एंटर. आम्ही परमिट देताना तसंच करायचो, समोरच्याकडून फीडरचं नाव परत वदवून घ्यायचो. बॅकअप आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. तो परत उभा करून बघितल्याशिवाय बॅकअप म्हणायचाच नाही. पाळी देताना-घेताना वहीत लिहून घे. तुमची वही कॉम्प्युटरवर असेल, पण लिही. आणि रात्र जागली तर दुसऱ्या दिवशी सुट्टी मागून घे. लाजायचं काय त्यात.

बघ, पुन्हा सुरू झालो. तू या कामात सात वर्षं आहेस आणि मी तुला एंटर कधी दाबायचं ते शिकवतोय. सोडून दे.

एक मात्र सांगतोच. आदित्य म्हणाला, गूगलच्या लोकांनी २०१६ साली यावर पुस्तक काढलं. त्यात लिहिलंय की एका ठिकाणाहून ऑन-कॉल, म्हणजे रात्री-बेरात्री बिघाडाला उठायची तुमची ती पाळी, चालवायचा तर निदान आठ माणसं हवीत, आणि बारा तासांच्या पाळीत एकावर दोनपेक्षा जास्त अडचणी येऊ नयेत. तुम्ही किती जण आहात? तिघं. त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर. म्हणजे दोघं. गौरीजेवणाच्या आधीच्या आठवड्यात तुझा फोन रात्री किती वेळा वाजला हे मी विचारत नाही. तुझे डोळे बघितले होते मी, स्टँडवर घ्यायला आलो तेव्हाच. मग त्या रात्रीची चूक एकट्या तुझी कशी? माझ्या चौकशीच्या वेळी हे म्हणणारं कुणी नव्हतं. तुझ्या वेळी मी म्हणायला हवं होतं, आणि मी साहेबांचंच वाक्य बोललो.

तू हे काम का धरलंस ते मी विसरलेलो नाही. २०२४ च्या मार्चअखेरीस तू आली होतीस आणि जेवता जेवता हातातला घास तसाच ठेवून त्या एक्सझेड नावाच्या सॉफ्टवेअरची गोष्ट सांगत होतीस. एका इंजिनिअरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे जाणवलं, तो खोदत गेला आणि जगभरच्या सर्व्हरांत घुसू पाहणारं चोरदार सापडलं. तू सांगत होतीस, "आप्पा, अर्धा सेकंद!" दादा हसत होता आणि मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. रिलेचा आवाज जरा वेगळा आला तरी मला झोपेतून जाग यायची, तेच तुझ्यात आलं असं वाटलं. मला फार बरं वाटलं होतं त्या दिवशी, तुला म्हणालो नाही.

त्याच गोष्टीत तू आणखी एक सांगितलं होतंस. ते सॉफ्टवेअर इतकी वर्षं एकच माणूस सांभाळत होता, बिनपगारी. आपली तब्येत ठीक नसते, मन थकलंय, असं त्याने दोन वर्षं आधी सगळ्यांना लिहिलं होतं. लोक उलट त्यालाच घाई करत होते. आणि मदतीला म्हणून जो आला तोच चोर निघाला. तेव्हा तू म्हणालीस, "त्याला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं, की बाबा, थांब थोडा." तुझंच वाक्य तुला परत पाठवतो.

नोकरी सोड असं मी म्हणणार नाही. आई म्हणते, मी म्हणत नाही. पण ती दुसऱ्या टीमची जागा तू मागच्या दिवाळीत सांगत होतीस, तिचं काय झालं ते विचारून बघ. आणि त्या मीटिंगवाल्या माणसाला एकदा शांतपणे लिही, की झालेल्या गोष्टीचा पूर्ण अहवाल मला लिहायचा आहे. माणसं किती, रात्री किती वाजता, आधीच्या किती रात्री, दोन खिडक्या कशा दिसत होत्या, सगळं. तुझ्या हाताने लिही. दुसऱ्याला लिहायला दिलंस तर एकच ओळ येते.

बापूंना मी अपघातानंतर पंधरा दिवसांनी भेटायला गेलो होतो, त्याआधी धीर झाला नाही. हात गळ्यात बांधलेला होता. मी काही बोलायच्या आत त्यांनी वहिनींना चहा टाकायला सांगितला आणि मला विचारलं, "रिलिव्हर यायला लागला का रे वेळेवर?" दुसरं काही विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

आईने भाजणी दळून ठेवली आहे. शनिवारी दादा पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पाठवते. माळ्यावर त्या फलकांपैकी एक सापडला. निवृत्तीच्या दिवशी पोरांनी मला काढून दिला होता. गंजलाय, पण अक्षरं आहेत. तोही पाठवतो, कुठे ठेवायचा ते तू बघ.

पत्र मिळालं की फोन कर. नऊच्या आत कर. त्यानंतर आठवण झाली तर करू नकोस, आडवी हो, मी सकाळी करीन.

तुझा,
आप्पा