हरल्यावरही पुढच्या रविवारी मॅच पाहिजे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे, एकोणीस वर्षं झाली. पत्र रग्बीवर लिहितोय पण साहेब बाजूला ठेवू नका, कारण मुद्दा आपल्याच पोरांचा आहे.

आमची कबड्डीची टीम मागे एकदा तालुक्याला गेली होती. पोरं सकाळी सहाच्या एसटीनं निघाली, घरून भाकरी आणि ठेचा बांधून, आणि पहिलीच मॅच एका गुणानं हरली. अकरा वाजता आम्ही परत स्टँडवर. जून-जुलैपासून रोज संध्याकाळी पाऊस-चिखल न बघता प्रॅक्टिस केली आणि वर्षाचा खेळ चाळीस मिनिटांत संपला. आमचा एक पोरगा, अंगानं भक्कम, पकड अशी की सुटायची नाही, तो स्टँडवर मला म्हणाला "सर, आता पुढली मॅच कधी?" त्याला मी काय सांगणार, पुढली मॅच पुढच्या वर्षी, आणि पुढच्या वर्षी तो वयात बसत नव्हता. आज तो सावद्याकडे केळीच्या गाड्या भरतो. कष्टाचं काम आहे, त्यात कमीपणा काही नाही, पण तो शेवटचा मैदानावर उतरला ती हीच मॅच.

आता रग्बी कुठून आलं ते सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी पुण्याला नोकरीला आहे, तो मला मोबाईलवर फ्रान्सच्या लीगच्या क्लिपा पाठवतो, टॉप फोर्टीन म्हणतात तिला, फ्रान्समधल्या रग्बी क्लबांची सगळ्यात वरची पायरी, चौदा टीम. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं ही तर नुसती हाणामारी आहे, पण नियम समजून घेतले आणि मग सुटेचना. पंधरा-पंधरा खेळाडू, ऐंशी मिनिटं, चेंडू हातानं पुढे फेकायचाच नाही, पास द्यायचा तर मागे किंवा बाजूला, म्हणजे पुढे जायचं असेल तर स्वतः पळा नाहीतर लाथेनं मारा. समोरच्या हद्दीत नेऊन चेंडू जमिनीला टेकवला की पाच गुण, याला ट्राय म्हणतात, त्यानंतरची किक गोलात बसली की आणखी दोन. आणि आठ-आठ जण डोकं-खांदे अडकवून एकमेकांना रेटतात तो स्क्रम, तो मी वर्गातल्या पोरांना दाखवला तर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हाई ते कबड्डी नी कुस्ती एकच करेल शे!" खरंच आहे पोराचं. जत्रेतली दंगल बघत मोठं झालेल्या आणि साखळी करून पकड घालणाऱ्या आपल्या पोरांना हा खेळ परका वाटणारच नाही.

पण मला धरून ठेवलं ते खेळानं कमी आणि त्यांच्या लीगच्या रचनेनं जास्त. तिथं प्रत्येक टीम बाकीच्या तेराही टीमशी दोनदा खेळते, एकदा आपल्या गावात, एकदा त्यांच्या, म्हणजे सव्वीस मॅच पक्क्याच, हरा की जिंका. जिंकलं तर चार गुण, बरोबरी झाली तर दोन, आणि ऐका, हरलात पण पाच किंवा त्याहून कमी फरकानं हरलात तरी एक गुण मिळतो! उलट जिंकताना समोरच्यापेक्षा तीन ट्राय जास्त टाकले तर वरून एक बोनस. म्हणून शेवटच्या मिनिटाला दहानं मागे असलेली टीमसुद्धा जीव तोडून खेळते, तो एक गुण हंगामाच्या शेवटी कामाला येतो हे त्यांना माहीत असतं. आमची पोरं एका गुणानं हरली होती साहेब. त्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे काहीतरी पडलं असतं आणि पुढच्या रविवारी ती परत उतरली असती.

सव्वीस फेऱ्या झाल्या की वरच्या दोन टीम थेट सेमीफायनलला जातात, तिसरी ते सहावी आपसात खेळून त्यांना गाठतात. खाली काय होतं ते जास्त महत्त्वाचं. चौदावी टीम सरळ खालच्या लीगमधे जाते, प्रो डी टू नावाची सोळा टीमची लीग, आणि तिथली विजेती टीम वर येते, तेराव्या टीमला खालच्या फायनलमधे हरलेल्या टीमशी खेळून जागा वाचवावी लागते. त्या लीगच्या खाली आणखी लीग, त्याखाली आणखी, अगदी खेड्यातल्या क्लबापर्यंत शिडी लावलेली. वर बसलेल्याला खुर्ची कायमची नाही आणि खालच्याला दार बंद नाही.

या शिडीनं काय घडतं ते गावांच्या नावानिशी सांगतो. ओयोना नावाचं एक गाव आहे, प्लास्टिकच्या कारखान्यांचं, लोकवस्ती बावीस हजाराच्या आसपास, म्हणजे आपलं सावदा किंवा फैजपूर धरा. २०१३ ला हे गाव वर चढलं आणि २०१५ ला चक्क सहाव्या नंबरावर येऊन बादफेरीत गेलं, तिथं तुलूझसारख्या सगळ्यात मोठ्या क्लबाकडून २०-१९ असं हरलं, एका गुणानं. पुढं ते खाली गेले, परत वर आले, परत खाली गेले, पण क्लब आणि मैदान जागेवर आहे. दुसरं कास्त्र, चाळीस-बेचाळीस हजाराचं, अमळनेरच्या निम्म्यानंही नाही. त्यांनी २०१३ ला आणि परत २०१८ ला अख्ख्या फ्रान्सचं विजेतेपद घेतलं, २०१८ ला तर सहाव्या नंबरावरून येऊन! त्यांच्यामागे उभा होता गावातला एक औषधवाला, पिएर फाब्र, साधं मेडिकल चालवता चालवता मोठी औषध कंपनी उभी केली आणि क्लब गावातच ठेवला. २०१३ चं विजेतेपद जूनमधे आलं आणि जुलैत तो माणूस वारला.

क्लेरमाँ तर टायरचं गाव, मिशेलिन टायरचं, तिथला क्लब १९११ साली मिशेलिन घराण्यातल्याच माणसानं काढला. हा क्लब दहा फायनल हरला होता. दहा! २००७, २००८, २००९ अशा तीन तर लागोपाठ. आणि २०१० ला अकराव्या फायनलला जिंकला. दहा वेळा हरून पोरं मैदानावर टिकली कारण दर वेळी पुढचा हंगाम समोर होता, हे मी माझ्या पोरांना सांगतो.

आणि एक मोंतोबाँ. २०१० ला या क्लबाचं दिवाळं निघालं. मैदानावर ते काही शेवटचे नव्हते, पण हिशेब बसले नाहीत म्हणून त्यांना थेट प्रो डी टूच्याही खाली टाकलं, कारण तिथं क्लबांचे पैसे तपासणारी वेगळी समिती असते आणि ती कुणाचं ऐकत नाही. तिथून चढत चढत २०२५ ला ते परत वरच्या लीगमधे आले, पंधरा वर्षांनी. इंग्लंडमधे असंच पैशापायी २०२२-२३ मधे वूस्टर, वॉस्प्स आणि लंडन आयरिश असे तीन जुने क्लब वरच्या लीगमधून गेले आणि तिथं आता दहाच टीम आहेत, वरखाली होणंही जवळपास थांबलंय. म्हणून मला फ्रान्सचा हिशेब तपासायचा भाग फार पटतो, आपल्याकडे स्पर्धेच्या वर्गणीचा हिशेब मागितला की लोकांना राग येतो.

खेळाडूचंही तसंच बघा. आंत्वान द्युपाँ, आज जगातला सगळ्यात मोठा रग्बी खेळाडू, २०२१ चा जगातला सर्वोत्तम, २०२४ च्या ऑलिंपिकमधे सात जणांच्या रग्बीत सुवर्ण. तो ज्या गावचा आहे त्याची वस्ती हजाराच्याही आत आहे. पण त्या गावात क्लब होता! गावातून तो ओश नावाच्या छोट्या शहरात गेला, तिथून कास्त्रला, तिथून २०१७ ला तुलूझला. चार पायऱ्या, आणि एकही पायरी पॅरिसला नाही. तुलूझ तरी केवढं, पाच लाखाचं, म्हणजे जळगावच्या जवळपास, आणि त्या क्लबानं २०२५ पर्यंत २४ विजेतेपदं घेतलीत.

यावर कोणी म्हणेल की ते लोक श्रीमंत, त्यांची गोष्ट वेगळी. पैसा आहेच, ते मी नाकारत नाही. पण सुरुवात कशी झाली तेही बघा. १८९२ ला तिथली पहिली राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे फक्त एक मॅच होती, पॅरिसच्याच दोन टीम, रेसिंग आणि स्ताद फ्रान्से, स्कोअर ४-३, आणि रेफ्री कोण तर पिएर द कुबेर्तँ, ज्यांनी पुढं आधुनिक ऑलिंपिक सुरू केलं. पुढची काही वर्षं फक्त पॅरिसवालेच खेळत होते, बाहेरच्यांना १८९९ ला घेतलं आणि त्याच वर्षी बोर्दोवाले जिंकून गेले! जिंकणाऱ्याला मिळते ती ढाल पण लाकडाचीच आहे, वर पितळेचा पत्रा, तिथले लोक तिला प्रेमानं "लाकडाचा तुकडा" म्हणतात आणि त्या तुकड्यासाठी वर्षभर रक्त आटवतात.

आपल्या देशात रग्बी नवीन आहे असंही नाही. इंग्लंड-स्कॉटलंड ज्या कलकत्ता कपासाठी खेळतात तो कप कलकत्त्याचा क्लब बंद पडला तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये वितळवून बनवलाय, १८७९ पासून त्याच्यासाठी खेळतात. २०२५ च्या जूनमधे मुंबईला सात-सात जणांची प्रीमियर लीग झाली, सहा टीम होत्या, मी सगळी बघितली, आनंद झाला. पण ती विकत घेतलेल्या टीमची लीग आहे, तिच्यात खालून वर चढायचा रस्ता नाही. शिरपूरच्या पोरांनी कितीही चांगलं खेळलं तरी शिरपूर त्या लीगमधे जाऊ शकत नाही, आणि हे फक्त रग्बीचं नाही, कबड्डीचंही तेच.

शाळेत असेपर्यंत शिडी आपल्याकडेही आहे, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, चौदा-सतरा-एकोणीस वयाचे गट. पण ती बाद पद्धतीची, एक हरलं की घरी, आणि एकोणीस संपलं की शिडीच संपते. पोरगा खऱ्या अर्थानं ताकदीला येतो तेव्हा त्याला खेळायला जागाच उरत नाही, मग दहीहंडीला वर चढतो नाहीतर चौकात गाडीवर बसतो.

मी काय मागतोय ते साधं आहे. सुरत-भुसावळ लाईनवर बघा, भुसावळ, जळगाव, धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, आठ गावं एका पॅसेंजरच्या मार्गावर. प्रत्येक गावाची एक टीम, रग्बी असो, नाही जमलं तर आधी कबड्डीपासून करा, पण प्रत्येकाशी दोनदा, एकदा घरी एकदा त्यांच्याकडे. चौदा रविवार होतात. पेरण्यांच्या दिवसात ठेवायची नाही, दिवाळीनंतर सुरू करून आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आत संपवायची. पहिल्या दोन वर्षांनी खाली दुसरी आठ गावं, चोपडा, पारोळा, शिरपूर, शहादा, साक्री अशी, आणि वरची शेवटची खाली, खालची पहिली वर. खर्च म्हणाल तर रेल्वेचं तिकीट, बॉल, जर्सी, रेफ्रीचं मानधन आणि एक फर्स्ट-एडवाला. आपल्याकडे देणारी माणसं नाहीत असं कोणी सांगू नये, अमळनेरात १९४५ साली वनस्पती तेलाची कंपनी निघाली तीच आजची विप्रो आहे, डाळ मिलवाले आहेत, जिनिंगवाले आहेत, सराफ आहेत. गणपतीला जे वर्गणी देतात ते आपल्या गावाच्या नावाची जर्सी घातलेल्या पोरांना देणार नाहीत का?

रग्बीत डोक्याला लागतं ही आई-बापांची काळजी खरी आहे, तेही लिहितो. फ्रान्सनं त्यासाठी हौशी खेळाडूंच्या मॅचमधे कमरेच्या वर टॅकल करायला बंदी केलीय. आपण सुरू करायचं तर तोच नियम पहिल्या दिवसापासून, आणि लहान गटात टॅकल नकोच, नुसतं हात लावायचं.

आता तुमच्याकडे एक मागणं. फ्रान्समधे १९२९ पासून तुलूझहून निघणारा एक पेपर आहे, मिदी ऑलिंपिक, पिवळ्या कागदावर छापतात, आठवड्यातून दोनदा, आणि त्यात मोठ्या क्लबांसोबत खेड्यापाड्यातल्या मॅचचेही निकाल असतात. तुम्ही पिवळा कागद नका आणू, पण दर सोमवारी अर्धा कॉलम द्या. आपल्या तीन जिल्ह्यांतल्या जिथं कुठं मॅच झाली असेल त्यांचे स्कोअर आणि खेळाडूंची नावं, आणि लीग सुरू झाली तर गुणतक्ता. निकाल गोळा करून रविवारी रात्री नऊच्या आत तुमच्या तालुका वार्ताहराकडे पोचवायचं काम मी करतो, माझ्यासारखे पाच-सहा शिक्षक आताच तयार आहेत, शहाद्याचा एक जण तर म्हणाला नंदुरबार जिल्हा पूर्ण माझ्याकडे.

केळीच्या गाड्या भरणारा तो पोरगा मागच्या महिन्यात भेटला होता, त्याला हे सगळं सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, "सर, वयाची अट नाही ना?"

आपला,
एक क्रीडा शिक्षक,
ता. अमळनेर, जि. जळगाव