आईचं सोडियम

पुणे, ४ जून

प्रिय चिंगे,

तुझे तीन मिस्ड कॉल आणि एक ठेवणीतली शिवी, सगळं पोचलं. पोरांना घेऊन नागपूरहून निघायच्या आदल्या दिवशी तुला एका ओळीच्या मेसेजवर तिकिटं रद्द करायला लावली. राग येणारच. आज जरा बूड टेकलंय, तर सविस्तर लिहिते.

दरवर्षीसारखी सुट्टी लागताच दोन्ही पोरं मिरजेला आईकडे नेऊन टाकली. 'टाकली' हाच शब्द बरोबर आहे. आजोळची मजा वगैरे आपण म्हणतो, पण खरं सांगू? आई म्हणजे माझं बिनपगारी पाळणाघर. नवरा फिरतीवर, आणि आमच्या पगार विभागात मे महिना म्हणजे श्वास घ्यायला फुरसत नाही. ३१ मेच्या आत चौथ्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा हिशेब, ते संपतंय तोवर १५ जूनपर्यंत सगळ्यांचे फॉर्म १६, म्हणजे त्या कराचे दाखले. शाळाही नेमक्या तेव्हाच उघडतात, म्हणजे वह्यांना कव्हरं घालणं आलंच. तुमच्या विदर्भात निदान शाळा उशिरा तरी उघडतात.

बदल्यात मी आईला काय देत होते? रोज रात्री नऊ वाजता फोनवरून हुकूम. गोळी घेतलीस का, बीपी आहे ना, मग मीठ बंद कर, लोणच्याला हात लावू नकोस, ऊन आहे, पाणी भरपूर पी. आई 'हो बाई' म्हणायची. मला वाटायचं, किती लक्ष आहे माझं!

मधेच ती तीच गोष्ट दोनदा विचारायला लागली. अंग गळून गेलंय म्हणाली, जेवण नको म्हणाली. त्र्याहत्तर वर्षं झाली, चालायचंच, असं मी धरून चालले. एकदा तर ओरडले, "आई, आत्ताच सांगितलं ना!" ती गप्प झाली. ते गप्प होणं अजून कानात आहे.

मग एका दुपारी धाकटीचा फोन. "आई, आजीला बदाम सात खेळता येत नाहीये." मी एक्सेलमध्ये मान घातलेली, म्हटलं, रडी खेळत असेल. तर म्हणाली, "नाही गं, तिच्या हातात बदामाची सत्ती आहे आणि ती आम्हालाच विचारतेय, सत्ती कुणाकडे आहे." पत्त्यांत जन्मात न हरलेली माझी आई!

रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली, जनरलच्या डब्यात बसून. पहाटे घरी पोचले तर आईने मला मावशीच्या नावाने हाक मारली. दारातच पाय लटपटले. वाटलं, झालं, विसरण्याचा आजार लागला. शेजारच्या काकांनी रिक्षा आणली. तपासणीत रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातलाच क्षार, ११८. असायला हवं १३५ ते १४५. डॉक्टरांनी गोळ्यांची पाकिटं उलटीपालटी केली. बीपीच्या गोळीतच लघवी वाढवून सोडियम बाहेर टाकणारं औषध मिसळलेलं, वर्षानुवर्षं चालू. त्यात उन्हाळ्याचा घाम, मीठ बंद, अन्न कमी आणि वर साध्या पाण्याचा मारा. "मीठ कुणी बंद करायला सांगितलं?" त्यांनी विचारलं. मी जमिनीकडे बघत राहिले.

उतरलेलं सोडियम एका दमात चढवत नाहीत, मेंदूला इजा होऊ शकते. दिवसाला सात-आठ अंकांच्या वर नाही, म्हणाले. म्हणून दर काही तासांनी रक्त. पहिल्या दिवशी ११८, दुसऱ्या दिवशी १२४, तिसऱ्या दिवशी १३०. मी आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन टीडीएसचे आकडे जुळवत होते आणि आत हे आकडे. थोरला घरी धाकटीला मॅगी करून घालत होता. दादाचा बंगळुरूहून दिवसातून सहा वेळा फोन, प्रत्येक वेळी नवा सल्ला. त्याच्यावर चिडले, मग लक्षात आलं, मीही तेच करत होते की, नुसतं फोनवरून!

चौथ्या दिवशी १३४. आईने डोळे उघडून नीट माझ्याकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, "पापडाचं पीठ भिजवून ठेवलं होतं, त्याचं काय केलंत?" पीठ कधीच आंबलं होतं. मी हसतही होते, रडतही होते. नर्स बघतच राहिली.

आता गोळी बदललीय, मीठ नेहमीसारखं सुरू, पाणी मोजून. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त तपासायचंय. रिटर्न दोन दिवस उशिरा गेलं, दिवसाला २०० रुपयांप्रमाणे दंड बसला, साहेब चार दिवस बोलत नव्हते. बोलू नकोत. आईला पुण्यात आणायचं म्हटलं तर ऐकत नाही, 'तुमच्या त्या फ्लॅटमध्ये मी भिंतींशी बोलू का' म्हणते. ते भांडण अजून मिटलेलं नाही. सध्या एवढंच ठरलंय की महिन्यातून एक शनिवार-रविवार मी तिकडे. रात्री नऊचा फोन आता धाकटी लावते. गोळीचं काही विचारत नाही. दोघी कालच्या डावाबद्दल भांडतात.

दिवाळीत ये, पोरांना घेऊन. पण तिकीट पुण्याचं नको, मिरजेचं काढ. आई विचारत होती, "ती वांग्याचं भरीत हादडणारी मैत्रीण कुठंय तुझी?"

तुझीच,
ठमी