पर्वणीला पर्वणीच म्हणा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातील नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्यावरचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा उत्सुकतेने आणि दुसऱ्यांदा तो खरोखर नाशिकबद्दलच आहे ना, याची खात्री करून घेण्यासाठी. संगम, कल्पवास, माघातील थंडी असे प्रयागचे सारे वर्णन उचलावे आणि शेजारी गोदावरीचे छायाचित्र लावावे, एवढ्यावर नाशिकचा मेळा उरकता येतो, असा लेखकमहाशयांचा समज दिसतो. आमच्याकडे गुरू सिंह राशीत असतो म्हणून तो सिंहस्थ, आणि त्याच्या मुख्य पर्वण्या, म्हणजे स्नानाचे मोठे दिवस, भर पावसाळ्यात येतात. येत्या वेळची पहिली 2 ऑगस्ट 2027 रोजी, सोमवती अमावास्येला आहे. (उज्जैनचाही सिंहस्थच, पण तेथे सूर्य मेषेत लागतो, म्हणून तो उन्हाळ्यात.) अमृताचे थेंब चार ठिकाणी सांडल्याची कथा भागवतात असल्याचे लेखात ठणकावून सांगितले आहे. भागवताच्या आठव्या स्कंधात समुद्रमंथन आहे, थेंब सांडल्याचा उल्लेख नाही. उलट ब्रह्मगिरीवर गौतम ऋषींनी गंगा आणली आणि ती निसटू नये म्हणून कुश फिरवून अडवली ते कुशावर्त, ही गोदावरीची स्वतःची कथा मात्र लेखात एका ओळीचीही धनी झाली नाही. साधूंचे शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तात आणि वैष्णवांचे तीन आखाडे नाशिकला रामकुंडावर स्नान करतात, हेही गाळून सर्वांना एकाच घाटावर उतरवले आहे.

या घोळाची किंमत आमच्या घराने मोजली आहे, म्हणून इतक्या तिखटपणे लिहितो. 2015 च्या पहिल्या पर्वणीला, 29 ऑगस्टला, मी आईला घेऊन आमच्या भागातील एका यात्रा कंपनीच्या बसने गेलो होतो. पत्रकावर ठळक अक्षरांत ‘संगमावर शाही स्नान’ असे छापले होते. रात्री तीन हात नाक्यावरून निघालेली बस पहाटे नाशिकबाहेरच्या वाहनतळावर थांबली आणि तेथून कित्येक मैल चालवत आम्हाला तपोवनात, कपिला संगमावर नेण्यात आले. संगम म्हटले होते, संगम दाखवला; व्यवस्थापकाला दोष तरी काय देणार! आईला मात्र रामकुंडावर जायचे होते. माझ्या आजोबांनी 1956 च्या सिंहस्थात तीर्थोपाध्यायांच्या वहीत केलेली नोंद तिला पाहायची होती आणि दक्षिणेचे एकवीस रुपये तिने निघतानाच पदराच्या गाठीत बांधून घेतले होते. तपोवनात तिने मुकाट्याने स्नान केले, गडू भरून घेतला आणि ती गाठ तशीच ठेवून ठाण्याला परतली. आज ती ब्याऐंशी वर्षांची आहे. काल तिला लेख वाचून दाखवला, तर ‘संगम’ शब्दाशी तिने मला थांबवले आणि म्हणाली, “हे त्या बसवाल्यानेच लिहिलंय का रे?”

जाता जाता भाषेबद्दलही लिहितो. भाविकांनी ‘डुबकी लावली’ असे आपण पाच वेळा छापले आहे. मराठी माणूस नदीत बुडी मारतो, किंवा सरळ स्नान करतो. शाहीचे आता अमृतस्नान झाले, ते सरकारने ठरवले. पण नाशिककर पिढ्यान्‌पिढ्या ज्याला पर्वणी म्हणतात, तो शब्द अख्ख्या लेखात एकदाही येऊ नये, हे आपल्या उपसंपादकांच्या कात्रीचे कौतुक म्हणायचे की काय?

31 ऑक्टोबर 2026 ला सिंहस्थाचे ध्वजारोहण आहे. तोपर्यंत आपल्याकडून या विषयावर आणखी लेख येतीलच. निदान रामकुंडाचा पत्ता तेवढा बरोबर छापावा, कारण यात्रा कंपन्यांची पत्रके आपल्याच मजकुरावरून तयार होतात आणि आईने या सिंहस्थालाही जायचा हट्ट धरला आहे.

आपला नियमित वाचक,
नौपाडा, ठाणे