पावसाळ्यातल्या गरम पाण्यासाठी हीट पंप

महोदय,
तारकर्ली, गुहागर, दापोलीकडे हॉटेले आणि होमस्टे वाढले, तसे गिझरही वाढले. छपरावरचे सौर बंब ऐन पावसाळ्यातच कमी पडतात. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो. त्यामुळे गिझरच्या साधारण एक तृतीयांश विजेत तेवढेच पाणी तापते. युरोपातल्या कडाक्याच्या थंडीतही तो चालतो, मग आपली उबदार, दमट हवा तर त्याला फारच मानवणारी! खारा वारा मात्र धातू खातो, म्हणून गंजरोधक लेप असलेलेच यंत्र घ्यावे. महाऊर्जा या राज्य शासनाच्या ऊर्जा विकास संस्थेने शासकीय विश्रामगृहे आणि ग्रामीण रुग्णालयांपासून सुरुवात करावी. दुरुस्तीचे तंत्रज्ञ रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आयटीआयमध्येच तयार व्हावेत. मुंबईहून माणूस येईपर्यंत यंत्र बंद राहिले, तर लोक पुन्हा गिझरच लावतील.
– एक वाचक, मालवण