जवसाचा चमचा आणि पिशवीवरचा ‘पुफा’

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतला जवसावरचा लेख आवडला, पण ‘रोज चमचाभर जवस खा, मासे खायची गरज नाही’ हा सल्ला काही पटला नाही. लातूरच्या तेलगिरण्यांच्या लॅबमध्ये नोकरी करून मी निवृत्त झालो. तेलाबद्दल कुणी बोललं की आकडा विचारायची खोड त्यामुळे लागली आहे.

जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं, म्हणजे ओमेगा-३. इथवर लेख बरोबर. पण बांगडा, तारली खाणाऱ्याला ईपीए आणि डीएचए ही लांब साखळीची ओमेगा-३ आयती मिळतात. जवस खाणाऱ्याच्या यकृताला ती घडवावी लागतात आणि त्या कामात आपलं शरीर भलतंच चिक्कू आहे. ईपीए बनतं शेकड्यात थोडंफार, डीएचए तर पुरुषांत जेमतेम एखादा टक्का. बायकांत जरा जास्त.

त्यात आणखी एक मेख आहे. या घडणीची पहिली पायरी डेल्टा-६ डिसॅच्युरेज नावाच्या विकराकडे (एन्झाइमकडे) असते. दुकान एक आणि गिऱ्हाइकं दोन: जवसातलं ओमेगा-३ आणि सूर्यफूल, करडई, सोयाबीनमधलं लिनोलेइक, म्हणजे ओमेगा-६. विकराचा ओढा ओमेगा-३ कडे असला तरी गर्दी दुसऱ्याचीच असेल तर चमचाभर चटणीचा नंबर कधी लागणार? नेहमीच्या सूर्यफूल तेलात साधारण साठ टक्के लिनोलेइक, करडईत सत्तरच्या वर. लिनोलेइकही लागतंच. बिनचरबीच्या खाण्यावर ठेवलेल्या उंदरांची कातडी खवल्यांसारखी होते, हे अमेरिकेत बर पती-पत्नींनी १९२९ मध्येच दाखवलं होतं. पण रोजचं सगळं तेल त्याच जातीचं असेल, तर आधी तेल बदला किंवा कमी करा, जवसाचं नंतर बघू.

तिळाची गंमत वेगळीच. त्यातलं सेसामिन पुढच्या पायरीचं, डेल्टा-५ चं विकर अडवतं, असं क्योतोच्या संशोधकांनी १९९१ मध्ये मांडलं. तो प्रयोग बुरशीवर आणि उंदराच्या यकृतावरचा; त्यावरून संक्रांतीचे लाडू औषध म्हणून विकायला कुणी काढू नयेत.

जवस मात्र भाजून, कुटूनच खावं. अख्खा दाणा न चावता गिळला तर जसाच्या तसा बाहेर पडतो. आणि जवसाच्या तेलात तळण नको. हवेतला ऑक्सिजन धरून ते घट्ट होतं, म्हणून तर रंगारी ते वापरतात.

आता मूळ तक्रार. तेलाच्या बऱ्याच पिशव्यांवर ‘पुफा’, म्हणजे ओमेगा-३ आणि ओमेगा-६ धरून सगळी बहुअसंतृप्त आम्लं, असा एकच आकडा छापतात. त्यात ओमेगा-३ किती, ओमेगा-६ किती, गिऱ्हाइकाला काही कळत नाही. आम्ही पूर्वी आयोडीन व्हॅल्यू काढायचो, म्हणजे तेल एकूण किती असंतृप्त आहे ते सांगणारा आकडा. तेलात आयोडीनचं द्रावण घालून फ्लास्क अर्धा तास अंधारात ठेवायचा आणि मग स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) थेंब सोडत बसायचं. करडई १४० च्या घरात, सोयाबीन १३० च्या. आकडे शेजारी शेजारी, पण सोयाबीनमध्ये सात टक्क्यांच्या आसपास ओमेगा-३ आणि करडईत जवळजवळ शून्य, हे त्या फ्लास्कमध्ये कधीच दिसायचं नाही. पिशवीवरचा ‘पुफा’ही तसाच आंधळा.

पुढे तेलातली आम्लं वेगवेगळी करून मोजणारं यंत्र, गॅस क्रोमॅटोग्राफ (जीसी), आलं आणि दोन्ही आम्लांचे आकडे वेगवेगळे छापून यायला लागले. ते दोन आकडे पिशवीवर स्वतंत्र छापणं अन्न सुरक्षा प्राधिकरणानं सक्तीचं करावं. कंपन्यांनी खर्चाचं कारण पुढे केलं, तर त्यांच्याच लॅबमधली जीसीच्या रिपोर्टांची फाइल मागवावी.

– एक निवृत्त ऑइल केमिस्ट, लातूर