भाषण झालं, आता वर्षभर येत राहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार,

4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, त्या आठवड्यात आमच्या भोसरी-चाकण पट्ट्यात जिकडेतिकडे बॅनर लागतात, शपथ होते आणि बऱ्याच कंपन्यांत एक मोटिवेशनल स्पीकर येतो. तास-दीड तास बोलतो, हसवतो, मधेच आईवडिलांचा विषय काढून रडवतो, मग शाल-श्रीफळ, ग्रुप फोटो, वडापाव (तो मात्र चांगला असतो) आणि सगळे आपापल्या मशीनवर. दोन दिवसांनी ये रे माझ्या मागल्या. मी प्रेस शॉपला (पत्रा दाबून पार्ट काढतात त्या विभागात) सुपरवायझर आहे, त्यामुळे बाहेरून बघून बोलत नाहीये.

तरी ही भाषणं बंद करा असं मी म्हणणार नाही, कारण चांगला बोलणारा आला की पोरं मोकळी होतात हे खरंय. आधीच्या कंपनीत भाषणानंतर काँट्रॅक्टवरचा एक पोरगा उठून सरळ म्हणाला, सर, प्रेसचं एक बटण आम्ही लाकडाची पाचर मारून दाबूनच ठेवतो, नाहीतर शिफ्टचे नग पुरे होत नाहीत. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात ती एवढ्यासाठीच की स्लाइड, म्हणजे वरचा दाबणारा भाग, खाली येताना दोन्ही हात डायच्या (साच्याच्या) बाहेर राहावेत, एक बटण अडकवलं की एक हात मोकळा, आणि बोटं जायला तेवढं पुरतं. ही गोष्ट कुठल्या ऑडिटमध्ये आली नव्हती, त्या पोराने भर कार्यक्रमात सांगितली! पण पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम गाठायचा होता, एचआरने डायरीत लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्या पोरालाच बोलावून झापलं. पाचर काही निघाली नाही, कारण टार्गेट तेच होतं आणि इन्सेंटिव्ह नगावर.

कन्सल्टंट लोकांचं उलटं. ते जमिनीवर पिवळे पट्टे मारून घेतात, स्टॉपवॉच लावून लाइनवर उभे राहतात, रिपोर्ट जातो मालकाच्या केबिनमध्ये. त्यांच्यासमोर कोणी तोंड उघडत नाही, घड्याळवाला माणूस आला म्हणजे टार्गेट वाढणार एवढंच पोरांना कळतं आणि बहुतेक वेळा बरोबरच कळतं.

म्हणून माझं म्हणणं, जो बोलतो त्यालाच वर्षभर कामाला लावा. पहिल्या दिवशी खुशाल भाषण कर, पण मग दर महिन्याला ये, कधी न सांगता रात्रपाळीला ये, आणि लोकांनी जे सांगितलं त्यातलं एक तरी मिटवून दाखव. वरच्या केसमध्ये करण्यासारखं बरंच होतं, एक बटण दाबलेलं राहिलं तर प्रेस चालणारच नाही असं कंट्रोल मिळतं, पार्ट जागेवर धरून ठेवणारं फिक्स्चर करता येतं, नगांचा हिशोब पुन्हा मांडता येतो. आणि मानधन हप्त्याने द्या, काम दिसेल तसं.

यात नवीन काही नाही. अमेरिकन क्वालिटी तज्ज्ञ डेमिंग यांच्या 14 मुद्द्यांतला 10वा मुद्दाच असा आहे की कामगारांना घोषणा आणि उपदेश देणं थांबवा, कारण बरेचसे दोष सिस्टिमचे असतात, ते कामगारांच्या हातात नसतात. त्यांच्या नावाचं, क्वालिटीसाठी जपानमधून दिलं जाणारं डेमिंग प्राइज 1998 साली चेन्नईच्या सुंदरम क्लेटनला मिळालं, भारतातली पहिली कंपनी, ते काय एका व्याख्यानावर मिळालं? जपानी तज्ज्ञ वर्षानुवर्षं येऊन शॉप फ्लोअरवर उभे राहत होते.

छोटे वर्कशॉपवाले म्हणतील परवडत नाही. एकाला नसेल परवडत, पण एमआयडीसीत एकाच गल्लीतले चार-पाच जण मिळून एक माणूस नक्की लावू शकतात, नाहीतरी सगळ्यांचे प्रॉब्लेम सारखेच आहेत आणि ऑपरेटरही इकडून तिकडे तेच फिरत असतात.

तुमच्या पेपरात सुरक्षा सप्ताहाचे फोटो दरवर्षी येतात. पुढच्या वेळी ज्यांचे छापाल त्यांना सप्टेंबरमध्ये एक फोन लावा आणि विचारा की मार्चमध्ये कामगारांनी काय सांगितलं होतं आणि त्यातलं काय झालं, जे सांगतील ते छापा.

आपला,
एक सुपरवायझर, भोसरी